भाडेकरूचें कुत्रें

एरंडवण्यांत किंवा प्रभात रस्त्यावर एखाद्या जुन्या बंगल्याचा तळमजला, निजावयास एक खोली (हल्लीं यास 'वन बीएचके' म्हणतात) आणि पुढें चार झाडांची बाग, असें घर पुण्यांत भाड्यानें मिळणें हें भाग्यच होय. पदरीं कुत्रें असेल तर तें भाग्य बहुधा फाटकापाशींच अडतें. गृहरचना संस्थेस बहुमतानेंहि पाळीव प्राण्यांवर बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय प्राणी कल्याण मंडळानें २०१५ सालीं कळविलें आहे. पण संस्थेस जें करतां येत नाहीं तें मालक आपल्या करारांत खुशाल लिहून ठेवतो.

ओरखडलेलीं दारें, उकरलेले वाफे, रात्रीचें भुंकणें, शेजारच्या मुलांची भीति, हीं दुःखें काल्पनिक नव्हेत. दारांचें मोल अनामत रकमेंत धरतां येईल, भीतीचें येणार नाहीं. म्हणून आरंभींच नकार देणाऱ्या मालकास निर्दय ठरविणाऱ्या प्राणिप्रेमी मंडळींशीं माझें जमत नाहीं. खरा प्रश्न निराळा आहे. करार ११ महिन्यांचा, आणि कुत्र्याचें आयुष्य १२-१४ वर्षांचें! ११ महिन्यांच्या छपराच्या भरंवशावर जो मनुष्य एवढें दीर्घ वचन देतो, त्याच्या वचनाचा भार कोणीं वाहावयाचा?

महाप्रस्थानाच्या कथेंत इंद्राची अट आपल्या घरमालकांसारखीच होती: कुत्रें बाळगणाऱ्यास स्वर्गांत जागा नाहीं. धर्मराजानें स्वर्ग नाकारला; भक्ताचा त्याग त्याला महापाप वाटला. पुढें त्या कुत्र्याच्या रूपांत प्रत्यक्ष धर्मच प्रकट झाला, हा शेवट आपण कौतुकानें सांगतों. प्रस्तुत प्रश्नांत मला तो अडचणीचाच वाटतो, कारण भाडेकरूचें कुत्रें शेवटपर्यंत कुत्रेंच राहतें. शिवाय धर्मराज एकटा उरला होता. त्याच्यामागें शाळेंत जाणारीं मुलें नव्हतीं, कीं स्वर्ग सोडल्यास दुसऱ्या पेठेंत अधिक भाडें भरावयाचें नव्हतें.

तथापि परिस्थितीची अडचण वचन देतांनाहि दिसत होतीच. कुत्रें लपवून घरांत शिरलेल्या भाडेकरूचा मालकावर कांहींएक हक्क पोंचत नाहीं. कुत्र्याचा भाडेकरूवरील हक्क मात्र तसाच राहतो. उलट ज्या मालकानें कुत्र्यासह बिऱ्हाड जाणूनबुजून आंत घेतलें, तो त्या वचनाचा, अल्पांशानें कां होईना, भागीदार झाला. करार नवा करतांना त्यानें एकाएकीं 'जनावर चालणार नाहीं' म्हणावें, हा माझ्या मतें अन्याय होय. मग करारांत कांहींहि लिहिलेलें असो. १९६० च्या कायद्यानें, सबळ कारणावांचून प्राण्यास उपाशीं-तहानेलें राहण्याच्या स्थितींत सोडून देणारा गुन्हेगार ठरतो. ज्याच्या अटीमुळें ती पाळी आली त्याचें नांव त्या कलमांत नाहीं, आणि तें असावें असेंहि मी म्हणत नाहीं. दुसरें घर मिळेपर्यंतची मुदत तरी त्यानें द्यावी. कुत्र्यासह राहूं देणारें घर महिन्याभरांत क्वचितच सांपडतें, आणि जागा सोडण्याची सूचना बहुधा महिन्याचीच असते.