त्याच्या दारावर कुणी थाप मारो

हे प्रभो, माझं आजचं मागणं एका फिडलवाल्यासाठी आहे. कॅनडाच्या पूर्वेला समुद्रात प्रिन्स एडवर्ड नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिम भागात माँ-कार्मेल, अब्राम-व्हिलेज, सें-क्रिझोस्तोम अशी लहान लहान गावं आहेत. तिथली माती लाल, माणसं फ्रेंच बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या तुझी भक्ती करणारी. ती स्वतःला अकेडियन म्हणवतात. या गावांत ज्यांनी जन्मभर फिडल वाजवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. ती तुला पाठ असतील, या भरवशावर मी बोलतो आहे.

त्याचे हात तू पाहिले आहेस. शेवंडांचा हंगाम दोन महिन्यांचा, तेवढ्यात वर्षाची कमाई व्हायला हवी. अंधार असतानाच होडी पाण्यात ढकलायची, ओले दोर ओढून लाकडी सापळे वर घ्यायचे, आमिषाची खारवलेली मासळी भरून ते पुन्हा सोडायचे. हंगाम सरला की बटाट्याचं शेत, गुरं, सरपण. हिवाळ्यात बेटालगतची सामुद्रधुनी गोठते, तेव्हा सापळ्यांची डागडुजी. मिठाच्या पाण्यानं चिरलेली, थंडीनं ताठलेली ही बोटं रात्री तारांवर पडत आणि त्यांतून सूर असे निघत, की म्हातारी माणसंसुद्धा खुर्ची सोडून उठत. प्रभो, यात तुझा हात होता असं मी मानतो.

लग्न असो, नाहीतर सगळ्या गावानं मिळून एखाद्याचं कोठार उभं केलेलं असो, रात्री नाच ठरलेला. नाच स्वयंपाकघरातच होई, कारण तीच घरातली मोठी आणि ऊबदार खोली. टेबल बाहेर जाई, खुर्च्या भिंतीला लागत. फिडलवाला एका कोपऱ्यात बसे. गजावर राळ घासून घेई, कान जवळ नेऊन तारा जुळवी. काही चालींसाठी तो खालच्या दोन तारा एकेक स्वर वर चढवी. मग न छेडलेल्या तारासुद्धा मागे घुमत राहत आणि एकट्या वाद्याचा आवाज दुप्पट वाटे. आणि पाय! दोन्ही पाय, टाच आणि चवडा, बसल्या जागी लाकडी जमिनीवर असे चालत की वेगळा ढोल नको. ना माईक, ना साथीला दुसरं कुणी, समोर नाचणाऱ्यांच्या बुटांचा गदारोळ. त्यात शेवटच्या जोडीपर्यंत ठेका पोचवायचा तो या पायांनीच. रात्र सरेपर्यंत तो हलत नसे. बदल्यात पोटभर जेवण, एखादा घोट, कधी टोपी फिरवून जमलेली चिल्लर. दुसऱ्या दिवशी पुन्हा काम. त्याच्या थकलेल्या घोट्यांना तू विसावा दे, देवा. आज जे म्हातारे झाले आहेत, ज्यांची बोटं सांधेदुखीनं वळत नाहीत, त्यांना रात्री शांत झोप लागू दे.

ही माणसं कशातून आली आहेत, हे तुझ्यासमोर पुन्हा बोलायला हवं. १७५५ साली इंग्रज सत्तेनं नोव्हा स्कोशियातल्या अकेडियनांना घरादारांतून उपटून जहाजांत कोंबलं. ग्राँ-प्रेमध्ये हा हुकूम वाचला गेला तो तुझ्याच मंदिरात, ५ सप्टेंबरला, पुरुषांना आत बोलावून. तीन वर्षांनी या बेटाची पाळी आली आणि सुमारे ३,००० माणसं फ्रान्सकडे धाडली गेली. त्यांतली ‘ड्यूक विल्यम’ आणि ‘व्हायोलेट’ ही जहाजं १७५८ च्या डिसेंबरात अटलांटिकमध्ये बुडाली; एकट्या ‘ड्यूक विल्यम’वर साडेतीनशेहून अधिक अकेडियन होते. त्यांत बायका होत्या, तान्ही मुलं होती. प्रभो, त्यांना तू आपल्या पदरात घेतलंस ना? हा प्रश्न मी दरवेळी विचारणार आहे.

लपून राहिलेले वाचले, काही हळूहळू परतले. तोवर १७६७ मध्ये लंडनला बसून या बेटाच्या जमिनी चिठ्ठ्या टाकून वाटून झाल्या होत्या, आणि परत आलेल्या अकेडियनांच्या वाट्याला आलं ते परक्या जमीनदारांचं कूळ होणं. शाळा नव्हती, दप्तरात भाषेला जागा नव्हती. अशा वेळी समाजानं जे उराशी धरलं, त्यात तुझी प्रार्थना होती, गाणी होती आणि नाचाच्या चाली होत्या. ज्या घरी फिडल नसे तिथे कुणीतरी तोंडानंच चाल धरी आणि पाय थिरकत. यांची जिद्द तू मोडू दिली नाहीस, त्याबद्दल तुझे आभार.

एक मनातलं सांगतो. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून पोरांना व्हायोलिन शिकवलं गेलं, मिस्सेत तुझ्या वेदीपुढे वाजावं म्हणून. तिकडे अकेडियन गावांत मात्र कित्येक पाद्र्यांनी याच वाद्याकडे, म्हणजे फिडलकडे, संशयानं पाहिलं, नाचणाऱ्यांवर प्रवचनातून कोरडे ओढले. फिडलवाला रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर बसून ते ऐके. उपवासकाळात गजाला हातही लावत नसे. देवा, त्यानं शनिवारी रात्री दमल्याभागल्या शेजाऱ्यांना जो आनंद दिला, तो तुझ्या सेवेत जमा धर. मला तरी त्या दोन्ही व्हायोलिनांत तुझ्या दृष्टीनं फरक असेलसं वाटत नाही.

२ फेब्रुवारीला शांदलेरचा सण येई, ऐन हिवाळ्यात. काठीच्या टोकावर कोंबडा बसवून टोळी घरोघर फिरे, नाचे आणि पीठ, मांस, बटाटे मागून आणे. मग एका घरी सगळ्या गावाची पंगत, आणि पंगतीनंतर फिडल. ज्याच्या घरात साठा संपत आला असेल तोही त्या रात्री पोटभर जेवे. त्या टोळीबरोबर बर्फ तुडवत फिरलेल्या प्रत्येकाला आशीर्वाद दे.

सें-क्रिझोस्तोमचे फिडलवाले एडी आर्सेनो यांच्यासाठी तुझे वेगळे आभार. १९२१ मध्ये जन्मलेले हे कोळी २०१४ पर्यंत जगले. स्वरलिपी नव्हे, कान हाच त्यांचा गुरू. केप ब्रेटन बेटावरच्या स्कॉटिश वळणाच्या विन्स्टन फिट्झजेराल्ड यांचं वादन रेडिओवर ऐकून त्यांनी ते उचललं आणि आपल्या गावच्या ठेक्यात बसवलं. परक्याचं घेऊनही आपलं न सोडणं ही मोठी अवघड गोष्ट आहे. पूर्वी फिडल बहुतेक पुरुषांच्याच हाती असे. पण त्यांची मुलगी एलेन आणि मुलगा आल्बेर दोघांनीही हा वारसा उचलला आणि ‘बाराश्वा’ या चमूतून तो दूरदूरच्या रंगमंचांवर नेला. हे सगळं तुझ्या कृपेनं झालं.

आता मागणं. मधल्या काळात घरात टीव्ही आला, पोरं नोकरीसाठी शहरांत गेली, आणि कित्येक घरांत फिडल पेटीत बंद झालं. आज पुन्हा उत्सव होतात, शिबिरं भरतात, १५ ऑगस्टला अकेडियन लोक भांडी बडवत रस्त्यावर उतरतात. ते सगळं राहू दे. पण फिडलवाल्याला तू टाळ्यांवर सोडू नकोस, प्रभो. श्रोते कितीही मिळाले तरी त्याला नाचणारे शेजारी लागतात. ज्यांना तो नावानं ओळखतो, ज्यांच्या आजीला कुठली चाल आवडायची हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसांना त्याची गरज राहू दे.

एखाद्या चालीचं नाव विसरलं तरी चाल विसरू देऊ नकोस. शिकायला येणाऱ्या पोराला चिकाटी दे आणि शिकवणाऱ्याला सबुरी. गावातली फ्रेंच पोरांच्या तोंडी राहू दे. शेवंडांचा भाव बरा राहू दे, म्हणजे होडी विकून कुणाला शहर गाठावं लागणार नाही. फिडल टिकायचं तर आधी घरातली चूल पेटती हवी. आणि या हिवाळ्यात, रस्ता बर्फानं अडला असला तरी, शेजारच्या कुणाला तरी त्याच्या दारावर थाप मारायची बुद्धी दे. शनिवारी आमच्याकडे चार माणसं जमणार आहेत, फिडल घेऊन या, एवढं त्यानं म्हणावं आणि फिडलवाल्यानं हो म्हणावं. आमेन.