बेरजेखालची ओळ

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. पुढे हे लोण गावोगाव पसरलं. माणसांना फारसा हात लावला गेला नाही. जमावाचा रोख होता कागदांवर. कर्जरोखे, खतं, चोपड्या, हाती लागेल ते जाळलं गेलं. ज्या हिशेबाने जमीन गेली, तो हिशेब त्यांना वाचताही येत नव्हता. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात कर्जदाराला तीन साध्या गोष्टींचा हक्क मिळाला: भरलेल्या पैशांची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितलं तर पासबुक.

आज आपण सगळे शिकलेले. तरी आपल्या गृहनिर्माण संस्थेचा वार्षिक अहवाल हातात आला की आपण काय करतो? शेवटच्या पानावरची बेरीज पाहतो, आपल्या नावापुढे थकबाकी नाही ना ते पाहतो, आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणत वड्याकडे वळतो. आकडे खरे असतीलही. पण ते आले कुठून हे सभेतल्या कुणालाच सांगता येत नाही, आणि बरेचदा ज्याने अहवाल केला त्यालाही नाही.

मला हे ठाऊक आहे, कारण तो अहवाल एके वर्षी मीच केला होता. खजिनदार म्हणून टॅलीतून आकडे काढले, एक्सेलमध्ये मांडले. मार्च संपता संपता प्लंबरचं बिल आलं. मी खर्चाच्या यादीत खाली एक ओळ वाढवली. बेरजेचं सूत्र मात्र आधीच्याच ओळीपर्यंत थांबलेलं. खर्च तेवढ्या रकमेने कमी दिसला, शिल्लक तेवढी जास्त. सभेने अभिनंदनाचा ठराव केला. चूक कळली ती दोन महिन्यांनी, बँकेच्या खात्याशी मेळ घालताना. चोरी नव्हती. पण सभेने मंजूर केलेला कागद खोटा होता, आणि त्याखाली माझी सही होती.

स्प्रेडशीटचा धोका हाच की ती चुकली तरी ओरडत नाही. एखादी रक्कम मजकूर म्हणून साठवली गेली तर बेरीज तिला गुपचूप वगळते. डोळ्यांना मात्र ती रकान्यात नीट बसलेली दिसते. सूत्र असलेल्या चौकटीत कुणी घाईने थेट आकडा टाइप केला की पुढे खालचे आकडे कितीही बदलोत, ती चौकट गेल्या वर्षीचंच बोलत राहते. लपवलेल्या ओळी छापताना येत नाहीत, पण बेरजेत असतात. २०२० साली इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण काही दिवस सरकारी मोजणीतून गळाले, कारण आकडे जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये ओतले जात होते आणि त्याच्या एका पानात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. माझ्या प्लंबरची बिचारी एकच ओळ.

मोठ्यांचंही असंच होतं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली लिहिलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के असते. काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाइल मागवून घेतली. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटलेले होते. एकट्या त्या चुकीने पडलेला फरक थोडा, काही वर्षं गाळण्याचा आणि देशांना वजन देण्याच्या पद्धतीचा मोठा. सगळं धरून उत्तर आलं अधिक २.२ टक्के. या गोष्टीत लोक त्या दोघांना हसतात. मला वेगळंच महत्त्वाचं वाटतं: त्यांनी फाइल दिली. नुसता छापील निबंध समोर असता तर सूत्रातले ते सुटलेले देश कोण शोधणार होतं?

आपल्याकडे फाइल मागितली की उत्तर ठरलेलं. “संशय घेता का?” हिशेब विचारणं म्हणजे अपमान, ही समजूत आधी मोडली पाहिजे. पीडीएफ देऊन सूत्रं झाकणारा खजिनदार अप्रामाणिक असेलच असं नाही. पण तो सभासदांकडून जी श्रद्धा मागतो, तिचा हिशेबाशी संबंध नाही. “लोकांना कळत नाही” हेही ऐकतो. सुप्याच्या शेतकऱ्याबद्दलही हेच म्हटलं जात असणार.

कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून बंधन आहे: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. आपली संस्था कंपनी नाही, म्हणून हा नियम तिला लागू नाही. सद्बुद्धी मात्र लागू करता येते. खतावणी एकाच जागी ठेवून तिथूनच आकडे थेट शीटमध्ये ओढणारी साधनं आज आहेत. हाताने कॉपी-पेस्ट करायची गरज उरत नाही. ती परवडत नसतील तर ऑनलाइन शीटसुद्धा बदलांचा इतिहास ठेवते. आणि सॉफ्टवेअर कुठलंही असो, शिस्त आपलीच: हाताने टाकलेले आकडे निळे, सूत्राने आलेले काळे. गृहीतकं वेगळ्या पानावर. अंदाजपत्रक म्हणजे ‘गेल्या वर्षीचं अधिक दहा टक्के’ नव्हे. एप्रिल-मेमध्ये टँकर किती, दर काय, लिफ्टचा करार कधी संपतो, हे लिहून त्यातून आलेला आकडा. आणि ताळ्याची एक ओळ, जी शून्य यायलाच हवी: अहवालातली शिल्लक वजा बँकेतली आणि हातातली शिल्लक. ‘ताळेबंद’ हा शब्द आपण रोज वापरतो, त्यातला ताळा तेवढा विसरतो.

गेल्या सभेत मी पडद्यावर फाइलच उघडली. पहिली वीस मिनिटं कंटाळा, मोबाइल, कुजबुज. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “तो सिंकिंग फंडाचा आकडा निळा का? सूत्राने यायला हवा ना?” मी चौकटीवर क्लिक केलं. आकडा हाताने टाकलेला होता, तोही मीच. “जरा मोठं करा,” काकू म्हणाल्या, “मागच्यांना दिसत नाही.”