जीर्ण कोणते आणि केवळ जुने कोणते?

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहान्तराचे तत्त्व समजावून देताना भगवंतांनी वस्त्राचा दृष्टान्त योजिला आहे, हे सर्व वाचकांना विदित आहेच. त्या दृष्टान्ताचा मुख्य विषय आत्म्याचे नित्यत्व हा होय. तथापि दृष्टान्त नेहमी लोकमान्य व्यवहारातून घेतला जातो, आणि भगवंतांनी येथे वस्त्रांना जे विशेषण लाविले आहे ते 'जीर्ण' असे आहे. मनुष्य वस्त्र टाकतो ते जीर्ण झाल्यावर, एवढी गोष्ट येथे गृहीतच धरलेली आहे. परंतु आजच्या गृहस्थाचे घर पाहिले तर हे गृहीत तरी अबाधित उरले आहे काय? चालता मोबाईल पेटीत पडतो, कारण त्याहून नवा बाजारात आला. धडका मिक्सर अडगळीत जातो, कारण शेजारच्या घरी दुसऱ्या रंगाचा आला. येथे टाकलेली वस्तू जीर्ण नसते. मग जीर्ण झाले आहे ते काय?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी 'जीर्ण' या शब्दाचा अर्थ निश्चित करावयास हवा. परंपरेत या श्लोकावर एक शंका विचारली जाते. वृद्ध भीष्माचा देह जीर्ण म्हणता येईल. परंतु ऐन तारुण्यात पडलेल्या अभिमन्यूचा देह जीर्ण कसा? त्याचे समाधान असे की, जीर्णता वयाने मोजावयाची नसून प्रयोजनाने मोजावयाची असते. ज्या प्रारब्धासाठी देह धारण केला ते संपले की तरुण देहही जीर्णच होय. आणि ते संपले नसेल तर शंभर वर्षांचा देहही जीर्ण नव्हे. हे समाधान घरातील वस्तूंनाही तंतोतंत लागू पडते. जिचे कार्य संपले ती वस्तू जीर्ण. जिचे कार्य चालू आहे ती केवळ जुनी. हा विवेक एकदा हाती आला म्हणजे 'सर्व नवे ते घ्यावे' आणि 'सर्व नवे ते टाळावे' हे दोन्ही आग्रह सारखेच अविचाराचे ठरतात.

या विवेकाचे एक ठसठशीत उदाहरण कावेरीच्या खोऱ्यात तंजावूर नगरीत आजही पाहावयास मिळते. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. त्यातील पुष्कळ ग्रंथ ताडपत्रांवर आहेत. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरावयाचे, त्यात काजळी भरावयाची, आणि पाने फळ्यांमध्ये बांधून ठेवावयाची, अशी ही विद्या होती. परंतु ताडपत्र अमर नाही. दमट हवा आणि कीड यांच्यापुढे ते काही शतकांतच हार खाते. म्हणून पान पुरते नष्ट होण्यापूर्वी लेखक त्यावरील ग्रंथ नव्या पानावर उतरवून घेत असत. शरीर गेले, ग्रंथ राहिला. देही एका देहातून दुसऱ्या देहात जातो या सिद्धान्ताची जणू ही प्रतिमाच होय.

तंजावूरचे भोसले राजे दुसरे सर्फोजी यांची कारकीर्द १७९८ ते १८३२ पर्यंतची. नव्या विद्यांविषयी त्यांचे औत्सुक्य प्रसिद्धच आहे. त्यांनी आपल्या राजधानीत देवनागरी मुद्रणालय उभारिले, आणि १८०६ मध्ये त्यातून 'बालबोधमुक्तावली' हे इसापच्या कथांचे मराठी भाषांतर बाहेर पडले. मुद्रित मराठी पुस्तकांतील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्या काळी मुद्रणयंत्राहून नवे असे यंत्र कोणते? परंतु मुद्रणयंत्र आले म्हणून राजांनी ताडपत्रे अडगळीत टाकिली नाहीत. उलट हस्तलिखिते जमविणे आणि त्यांच्या प्रती करविणे हे कार्य त्यांनी अधिकच नेटाने चालविले. नव्याचा स्वीकार आणि जुन्याचे रक्षण ही दोन्ही एकाच बुद्धीची कार्ये त्यांच्या ठायी दिसतात. गीतेच्या भाषेत बोलावयाचे तर अप्राप्ताची प्राप्ती तो योग, आणि प्राप्ताचे रक्षण ते क्षेम. आजच्या संसारात योग उदंड वाढला आहे. क्षेम मात्र कोणी विचारीत नाही.

क्षेम सुटले म्हणजे काय होते, याचीही साक्ष तंजावूरच देते. भोसले राजवटीचे पुष्कळ दप्तर मोडी लिपीत आहे. त्यातील अनेक कागद धड आहेत, शाई स्पष्ट आहे. परंतु ते वाचणारे दुर्मिळ झाले. मोडी लिपी विसाव्या शतकात नित्य व्यवहारातून गेली, आणि तंजावूरच्या मराठी कुटुंबांतही ती वाचणारा आज विरळा. येथे देह सुरक्षित असून संबंध तुटला. तेथील तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली, म्हणून तेवढा अर्थ तरी लोकांच्या हाती आला. आपल्या घरातही हेच घडत आहे. आजोबांच्या आवाजातील स्तोत्र ज्या फितीवर आहे ती फीत पेटीत सुरक्षित असते, परंतु ती वाजविणारे यंत्र घरात उरलेले नसते. मुलांच्या बालपणीची छायाचित्रे जुन्या मोबाईलमध्येच राहतात आणि त्याच्याबरोबर रद्दीत जातात. यंत्र बदलले हा दोष नव्हे. यंत्रातील देही नव्या देहात नेला नाही, हा दोष होय.

यावर कोणी म्हणेल की, ही जुन्या काळाची भलावण झाली. तसे मुळीच नव्हे. तंजावूरच्या घरोघरी इडली-दोशाचे पीठ पूर्वी दगडी रगड्यावर वाटले जाई. त्या रगड्यापुढे घरातील स्त्रीचे अर्धे आयुष्य जाई, आणि त्याचे गोडवे बहुधा तेच गात ज्यांनी तो कधी फिरविला नाही. विजेवर चालणारा रगडा आला तेव्हा त्या कष्टांचे कार्य संपले. तो दगड खरोखर जीर्ण झाला. तमिळनाडू शासनाने २००६ पासून रंगीत दूरदर्शन संच आणि २०११ पासून मिक्सर, ग्राइंडर व पंखा घरोघर विनामूल्य वाटण्याच्या योजना राबविल्या, त्यामुळे गरिबांच्या घरांतही ही यंत्रे पोहोचली. त्यांपैकी रगड्याने हातांना विसावा दिला. काचेच्या नळीचे ते दूरदर्शन संच मात्र थोड्याच वर्षांत सपाट पडद्यांपुढे अनेक घरांना लाजिरवाणे वाटू लागले. त्यांतील चित्र फिके पडले नव्हते. पाहणाऱ्याचे समाधान फिके पडले होते.

येथेच रोगाचे मूळ सापडते. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, आणि शेवटी बुद्धीचा नाश, अशी जी साखळी भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात दाखविली आहे, तिची पहिली कडी वस्तू ही नव्हे, वस्तूचे चिंतन ही होय. मोबाईल हातात असल्याने कोणी पतित होत नाही. येणाऱ्या मोबाईलचे चिंतन मनात सुरू झाले की हातातला मोबाईल त्या क्षणी जीर्ण दिसू लागतो. म्हणजे जीर्णता वस्तूत नसून दृष्टीत असते, आणि दृष्टीची जीर्णता कोणत्याही खरेदीने भरून निघत नाही.

आता हेही मान्य केले पाहिजे की, प्रत्येक बदल गृहस्थाच्या इच्छेचा नसतो. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेवर भरवसा ठेवणाऱ्याला कोणी विचारले नाही. आज पेन्शन, बँक, रेल्वेचे आरक्षण हे सारे मोबाईलच्या पडद्यावर येत आहे, आणि सत्तर वर्षांच्या गृहस्थाला नातवाकडून ते शिकावे लागते. अशा वेळी नव्याचा स्वीकार ही आसक्ती नसून कर्तव्य आहे. मात्र शिकविणाऱ्या नातवाचेही एक कर्तव्य आहे: वृद्धाचा हात थरथरतो म्हणून त्यालाही जुन्या यंत्रासारखे बाजूला सारू नये. वस्तू टाकण्याची सवय हळूहळू माणसांपर्यंत येऊन पोहोचते, आणि या प्रश्नाला नीतीचे स्वरूप येते ते यामुळेच.

वापर आणि त्याग यांच्यामध्ये आपल्या धर्माने आणखी एक पायरी सांगितली आहे. तिचे नाव जीर्णोद्धार. तंजावूरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाच्या काळी, १०१० च्या सुमारास पूर्ण झाले, आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी त्याचा कुंभाभिषेक पुन्हा झाला. दगडाच्या मंदिरालाही वेळोवेळी दुरुस्ती लागते. मग बिघडलेल्या पंख्यासाठी कारागिराकडे जाण्यात कमीपणा कसला? आणि दुरुस्ती खरोखरच शक्य नसेल, तर त्यागही विधियुक्त असावा. देवांनी दिलेले भोगून परत काही न देणाऱ्याला तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. जुन्या दूरदर्शन संचाच्या काचेत शिसे असते. ते उकिरड्यावर फेकल्याने ज्या मातीने अन्न दिले तिलाच विष दिल्यासारखे होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनःप्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु वस्तू योग्य ठिकाणी नेऊन देणे हे गृहस्थाच्याच हाती आहे.

सारांश, नवी वस्तू घरात आणण्यापूर्वी गृहस्थाने जुन्या वस्तूकडे क्षणभर निरखून पाहावे. तिचे कार्य संपले आहे, की आपले मन तिच्यावरून उठले आहे? कार्य संपले असेल तर तिच्यात जे जपण्यासारखे आहे ते आधी काढून घ्यावे, कृतज्ञतेने तिला निरोप द्यावा, आणि निःशंक मनाने नवी आणावी. मन उठले असेल तर दुकानाची वाट न धरता त्या मनाचीच दुरुस्ती करावी.