समग्र गाणे आणि पश्चात्तापाचा प्रश्न

गायकाचे पहिल्यापासून अखेरपर्यंतचे सगळे गाणे एका संचात आले की त्याबरोबर एक धर्मविषयक प्रश्नही येतो. गायकाने मध्येच कधीतरी आपल्या आधीच्या गाण्याला पाप म्हटले असेल, ते टाकून देवाचे गाणे धरले असेल, तर ही दोन्ही गाणी शेजारी ठेवणे योग्य आहे का? ठेवल्यावर ऐकणाऱ्याच्या हाती एक माणूस लागतो की दोन? आणि मागचे गाणे पुन्हा वाजू लागले, तर पुढच्या पश्चात्तापाचे काय होते?

रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीत हा प्रश्न सर्वांत उघडा दिसतो तो जेरी ली लुईसच्या गाण्यात. लुइझियाना राज्यातल्या फेरिडे या लहान गावी १९३५ मध्ये जन्मलेला लुईस ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या पेंटेकोस्टल पंथात वाढला. तिथली उपासना शांत नसे. टाळ्या, पियानोचा ठेका, अंगात संचार झाल्यासारखे डोलणे हा प्रार्थनेचाच भाग होता. टेक्सासमधल्या एका बायबल विद्यालयात त्याने एक भक्तिगीत नाचऱ्या ठेक्यावर वाजवले आणि त्याला तिथून काढून टाकण्यात आले. पुढे मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये तो त्याच ठेक्यावर प्रसिद्ध झाला. १९५७ मध्ये ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना तो थांबला आणि निर्माता सॅम फिलिप्स याच्याशी वाद घालू लागला. हे संगीत सैतानाचे आहे, असे लुईसचे म्हणणे. या संगीतानेही माणसाचे भले करता येते, असे फिलिप्सचे. माझ्याच आत सैतान आहे, मी दुसऱ्याला कसा तारणार, अशा अर्थाचे लुईसचे उत्तर होते. टेप चालूच राहिली होती. वाद मिटला नाही, गाणे मात्र झाले आणि जगभर गेले.

जर्मनीतल्या बेअर फॅमिली या कंपनीने १९८९ मध्ये लुईसच्या सन रेकॉर्ड्समधल्या गाण्यांचा आठ सीडींचा संच काढला. असे संच हाती आल्यावर हा वाद गाण्यांच्या रांगेतच ऐकता येतो: पापाच्या भीतीने दाटलेला आवाज आणि ज्या गाण्याची भीती ते गाणे. लुईसने नंतर भक्तिगीतांची तबकडी काढली, पुन्हा जुन्या गाण्यांकडे वळला, आणि २०२२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, आपल्या नात्यातला धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट याच्यासह भक्तिगीतांचा आणखी एक संग्रह केला. त्याच पिढीतल्या लिटल रिचर्डने १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात रॉक अँड रोल सोडल्याचे जाहीर केले, बायबलचे शिक्षण घेतले, आणि काही वर्षांत तो पुन्हा रंगमंचावर आला. दोघांच्याही धर्मात तिसरी जागा नव्हती. गाणे एकतर देवाचे, नाहीतर सैतानाचे. ठेका मात्र दोन्हीकडे एकच होता, आणि यातनेचे मूळ तिथेच होते.

हाच प्रश्न महाराष्ट्रात, त्यातही बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, वेगळ्या रीतीने हाताळला गेला. निरेच्या खोऱ्यातले कळंब आणि त्याला लागून वसलेले वालचंदनगर हा आज ऊस आणि साखरेचा मुलूख म्हणून ओळखला जातो. पण गाण्याच्या दृष्टीने हा दोन वाटांचा मुलूख आहे. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असा मार्ग धरून इंदापूरला जाते. या गावांतून अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दिवसा पारायण, रात्री कीर्तन आणि शेवटी काला असा त्यांचा क्रम असतो. याच भागातल्या गावजत्रांत सकाळी देवाला अभिषेक होतो, छबिना निघतो, कुस्त्यांचा आखाडा होतो आणि रात्री तमाशाचा फड उभा राहतो. सप्ताहात टाळ धरणारा माणूस जत्रेत फडासमोर बसतो आणि त्यात त्याला विरोध वाटत नाही. कारण प्रत्येक गाण्याला त्याचा दिवस, त्याची जागा आणि त्याची वेळ ठरवून दिलेली आहे.

खुद्द तमाशाच्या बांधणीतही हीच व्यवस्था आहे. आधी गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. मग गवळण, म्हणजे कृष्णाची छेडाछेड. मग बतावणी, लावणी आणि शेवटी वग. देवाचे नाव आधी आणि शृंगार नंतर, पण दोन्ही एकाच रात्रीत, एकाच ढोलकीवर. गवळण हा प्रकार तर वारकरी गाथांतही आहे आणि फडावरही. एकनाथांनी भारुडांत जोगवा मागणाऱ्यापासून रस्त्यावरच्या सोंगाड्यापर्यंत अनेकांचा आवाज घेतला आणि त्यातून परमार्थ सांगितला. टेक्सासच्या बायबल विद्यालयाने ठेक्याला दोषी धरले. इथे ठेका कोणासाठी आणि कोणत्या वेळी, एवढेच पाहिले गेले.

या व्यवस्थेची कसोटी लागते ती राम जोशी याच्या चरित्रात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात जन्मलेला हा शाहीर जोशी-पुराणिकांच्या घरातला. थोरला भाऊ मुद्गल जोशी पुराण सांगणारा. तमाशाच्या नादापायी रामाला घर सुटले, असे परंपरा सांगते. पंढरपुरात त्याने संस्कृत विद्या मिळवली. ती विद्या पुढे त्याच्या लावणीत इतकी उतरली की शृंगाराची रचनाही जोड-यमकांनी आणि समासांनी लखलखू लागली. बारामतीत त्या वेळी मोरोपंत राहत होते. पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावलेले आणि १७९४ मध्ये तिथेच वारलेले मोरोपंत म्हणजे आर्येचे धनी, ‘केकावली’चे कर्ते. पंतांनी रामाच्या बुद्धीचे कौतुक केले आणि ती ईश्वराकडे लावायला सांगितली, अशी आख्यायिका आहे. पुढे राम जोशी कीर्तन करू लागला. मोरोपंतांच्या आर्या पंडितांच्या घरांतून सामान्य श्रोत्यांपर्यंत गेल्या, त्यात त्याच्या कीर्तनाचा मोठा वाटा मानला जातो.

ही गोष्ट सहसा पतिताच्या उद्धाराची म्हणून सांगितली जाते. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाने तिला घराघरांत नेले. पण राम जोशीच्या रचना एकत्र वाचल्या तर त्या या कथेत नीट बसत नाहीत. लावणीवर तारीख नसते. शेवटी कवीची नाममुद्रा तेवढी असते, आणि राम जोशीची ‘कविराय’ ही मुद्रा शृंगारिक रचनेवरही आहे, उपदेशपर रचनेवरही. त्याची सर्वांत गाजलेली एक रचना जटा वाढवून आणि वस्त्रे रंगवून मिरवणाऱ्या दांभिकाला फटकारणारी आहे. ती लावणीच्याच चालीत आहे, कीर्तनकाराच्या आर्येत नाही. संपादक अशा संग्रहांची मांडणी विषयवार करतात: शृंगारिक एका बाजूला, पौराणिक आणि उपदेशपर दुसऱ्या बाजूला. मग वाचकाला वाटते की आधी एक राम होता आणि नंतर दुसरा. हा काळाचा क्रम लेखणीने आणलेला नसून मांडणीने आणलेला आहे. विषयवार मांडणी वाचायला सोयीची असली, तरी धर्मविचाराच्या दृष्टीने ती सदोष आहे. ती मतांतराचा पुरावा नसताना मतांतर दाखवते.

राम जोशी एकटा नव्हता. संगमनेरच्या अनंत फंदीने तमाशा सोडून कीर्तन धरले ते अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून, असे सांगतात. होनाजी बाळाच्या नावावर शृंगारिक लावण्या आहेत आणि पहाटे घरोघरी म्हटली गेलेली श्रीकृष्णाची भूपाळीही आहे. ती म्हणणाऱ्या आजीला होनाजीच्या लावण्या आठवत नसत आणि आठवायची गरजही पडत नसे. भूपाळी पहाटेची होती.

समग्र संचाने बदलते ते नेमके इथे. जोवर गाणे वेळेला आणि जागेला बांधलेले होते, तोवर शृंगार आणि भक्ती एकमेकांसमोर उभी राहत नव्हती. संच ही वेळ काढून घेतो. पहिल्या तबकडीनंतर सहावी ऐकता येते आणि सहावीनंतर पुन्हा पहिली. पश्चात्तापाला मात्र काळाची दिशा लागते. आधी आणि नंतर हा भेद पुसला, तर पश्चात्ताप उरतच नाही. लुईसच्या संचातला तो वाद ऐकून झाल्यावर श्रोता पुन्हा आधीच्या गाण्याकडे जातो आणि गायक पुन्हा तिथेच सापडतो, जिथून त्याला निघायचे होते.

वेदान्तातला कर्मविचार इथे उपयोगी पडतो. संचित म्हणजे साठलेले कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातला फळाला आलेला भाग आणि क्रियमाण म्हणजे आत्ता होत असलेले. ज्ञानाचा अग्नी सगळे कर्म जाळून टाकतो, असे गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. पण सुरू झालेले प्रारब्ध भोगूनच संपते, असे आचार्यांचे मत आहे. ध्वनिमुद्रित गाण्याला हे लावले तर जागा स्पष्ट होतात. गायकाच्या मनातला संस्कार भक्तीने जळू शकतो. त्याने जगात सोडलेला आवाज मात्र जळत नाही, तो दर पुनर्मुद्रणात पुन्हा फळाला येतो. पण त्या फळाचा भोक्ता आता कोण? जो तबकडी लावतो, त्याची ती कृती आहे, त्याचे ते क्रियमाण. गायकाने आपले गाणे टाकले असेल, तर नव्या श्रवणाचा भार त्याच्यावर टाकणे न्याय्य नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असे सांगितले आहे. तिथे आधीच्या आयुष्याचा दाखला नष्ट करण्याची अट नाही. दाखला राहतो, निवाडा बदलतो.

म्हणून आधीचे गाणे संग्रहातून गाळणे हा धर्माचा मार्ग ठरत नाही. गाळल्याने काय होते, ते कान्होपात्रेच्या बाबतीत दिसते. मंगळवेढ्याच्या गणिकेची ही मुलगी पंढरपूरला विठ्ठलाच्या पायी गेली, तिची समाधी मंदिराच्या आवारात आहे आणि तिचे थोडे अभंग संतांच्या गाथेत आहेत. त्याआधी तिने शिकलेले नृत्य-गायन, तिच्या आईच्या माडीवरची गाणी, यांतले काही उरले नाही. तिच्या अभंगांतला आर्त टाहो कशापासून सुटण्यासाठी होता, हे त्यामुळे फक्त कथेतून कळते, गाण्यातून नाही. अर्धे आयुष्य नसलेला संग्रह भक्तीलाही अर्धी करतो.

यात एक कठोर भेद आहे, तोही नोंदवायला हवा. राम जोशीला कीर्तनाची वाट खुली होती, कारण तो पुरुष होता, ब्राह्मण होता आणि संस्कृत जाणत होता. त्याच्याबरोबर बया नावाच्या ज्या तमासगिरीणीचे नाव घेतले जाते, तिला नारदाच्या गादीवर उभे राहून आख्यान लावण्याचा मार्ग नव्हता. तिच्या आवाजाचा संग्रहही नाही. नंतरच्या काळात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरी तमाशातल्या बाईने गायलेला गण कीर्तनातल्या स्तवनाइतका पवित्र मानला गेला नाही. देव तोच होता, शब्द त्याच अर्थाचे होते. म्हणजे गाणे कोणासाठी आणि कोणत्या वेळी, एवढेच पाहिले जाते, हे वर केलेले विधान पुरुष गायकापुरतेच पूर्ण खरे आहे. बाईच्या बाबतीत कोण गाते, हेही पाहिले गेले, आणि तिथे इथली परंपरा लुईसच्या पंथापेक्षा उदार ठरत नाही.

समग्र संग्रह करणाऱ्यापुढे मग तीन कामे राहतात. जिथे तारखा आहेत, तिथे ध्वनिमुद्रणांचा क्रम जसा घडला तसाच ठेवायचा, म्हणजे पश्चात्ताप, परतणे आणि पुन्हा पश्चात्ताप यांची दिशा शाबूत राहील. जिथे तारखा नाहीत, तिथे भक्तीला शेवटी नेऊन ठेवायचे नाही. आणि फडावर गण गाणाऱ्या, गवळणीत राधा-मावशी झालेल्या, झील धरणाऱ्या ज्या आवाजांची नावे मुखपृष्ठावर येत नाहीत, ती मिळतील तितकी आत द्यायची.