नकार देण्याची ऐपत

घरी राहून, आपल्या सोयीच्या वेळी, संगणकाच्या साहाय्याने दूरच्या ग्राहकाचे काम करून द्यायचे आणि तेवढ्या कामापुरता मोबदला घ्यायचा, या पद्धतीला ‘फ्रीलान्सिंग’ म्हणतात. भाषांतर, मुखपृष्ठाची मांडणी, हिशेबलेखन, संकेतस्थळाची जुळणी, चित्रफितींचे संकलन अशी कितीतरी कामे तीत मोडतात. लवचिकता हे तिचे मोठे आकर्षण आहे आणि ते खोटेही नाही. घरात तान्हे मूल वा अंथरुणाला खिळलेले आजारी माणूस असल्यामुळे ज्यांना बाहेर पडता येत नाही, अपंगत्वामुळे ज्यांना रोजचा प्रवास झेपत नाही, किंवा मुंबई-पुण्याचे घरभाडे परवडत नाही म्हणून जे गावीच राहिले, त्यांच्या हाती या पद्धतीमुळे चार पैसे येतात. मात्र काम करणारा जसा आपली वेळ निवडतो, तसाच काम देणाराही उद्या काम देण्याचे कोणतेही बंधन स्वीकारत नाही. आणि जागा, वीज, यंत्र, आजारपण, रिकामे दिवस या सगळ्यांचा भार करणाऱ्याच्या घरावर पडतो. त्यामुळे ही लवचिकता नेमकी कोणाची, हे तपासल्याशिवाय तिचे कौतुक करणे योग्य ठरत नाही.

घरून होणाऱ्या कामाचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूर आणि सिन्नर येथील विडी उद्योग घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर उभा राहिला. पाने आणि तंबाखू द्यायची, तयार विड्या मोजून घ्यायच्या, त्यांतल्या काही सदोष म्हणून बाद ठरवायच्या आणि त्यांची मजुरी कापायची, ही या व्यवसायातली नेहमीची तक्रार होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कामगार मानले, आणि कच्च्या मालाचा पुरवठा, बाद ठरवलेल्या विड्या व त्यांची मजुरी यांवरील वाद झटपट मिटवण्याची तरतूद केली. (हा कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे.) हीच रीत आता ऑनलाइन कामातही दिसते. ॲमेझॉन कंपनीने २००५ मध्ये ‘मेकॅनिकल टर्क’ नावाची व्यवस्था सुरू केली, जिच्यात एखादे मोठे काम बारीक तुकड्यांत वाटले जाते, जसे की छायाचित्रातील वस्तू ओळखणे किंवा वाक्याचा सूर ठरवणे. तेथेही काम देणारा केलेले काम नाकारू शकतो. नाकारलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, उलट करणाऱ्याच्या स्वीकृत कामांची टक्केवारी घसरते आणि पुढची बरी कामे त्याच्यापर्यंत पोहोचेनाशी होतात. तंबाखूच्या जागी विदा (डेटा) आली एवढाच काय तो फरक. बाद ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असणे हा अन्याय दोन्हीकडे सारखाच आहे.

सर्वच ऑनलाइन कामे इतकी तुटपुंजी नसतात, हे मान्य केले पाहिजे. अपवर्कसारख्या मंचावर, म्हणजे काम देणारा आणि करणारा यांची गाठ घालून देणाऱ्या मध्यस्थ संकेतस्थळावर, कुशल व्यक्ती स्वतःचा दर स्वतः सांगते, आणि ठरावीक रकमेच्या कामाचे पैसे आधी मंचाकडे जमा होत असल्याने फसवणुकीची भीती कमी होते. तथापि तासावर चालणाऱ्या कामात मोबदल्याची हमी हवी असेल, तर दर दहा मिनिटांच्या टप्प्यात संगणकाच्या पडद्याचे एक छायाचित्र टिपले जाऊ द्यावे लागते. कारखान्यातला मुकादम निदान दारापाशी थांबत असे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरकामगारांसाठी, म्हणजे दुसऱ्यासाठी आपल्या घरातून मोबदल्यावर काम करणाऱ्यांसाठी, १७७ क्रमांकाचा करार संमत केला, ज्याला भारताने अद्याप अनुमोदन दिलेले नाही. पुरेशी स्वायत्तता आणि आर्थिक स्वातंत्र्य असलेल्या स्वतंत्र व्यावसायिकाला हा करार आपल्या व्याख्येतून वगळतो. या वगळण्यात एक कसोटी दडलेली आहे. माणूस घरी बसतो की कचेरीत, रोज आठ तास काम करतो की तीन, यावरून त्याचे स्वातंत्र्य ठरत नाही. समोर आलेले काम नाकारून त्याला महिना काढता येतो का, यावरून ते ठरते. एकाच मंचावर एकाच दराने भाषांतर करणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एकीच्या घरात कायम नोकरीचा पगार येत असेल आणि दुसरीच्या मुलाची शाळेची फी याच पैशांतून भरली जात असेल, तर पहिलीसाठी जी लवचिकता आहे ती दुसरीसाठी अनिश्चितता असते.

यातूनच एक अवघड कर्तव्य निर्माण होते, ज्याची चर्चा क्वचितच होते. जिला हे उत्पन्न केवळ वरखर्चासाठी हवे आहे, ती पडेल त्या दराने काम सहज घेऊ शकते; वेळ जातो आणि ओळखी वाढतात, एवढ्यावर ती समाधानी असते. परंतु बोली लावून काम मिळवण्याच्या या बाजारात तिने मान्य केलेला दर उद्या सर्वांचा दर होतो आणि ज्याचे पोट त्यावर आहे, त्याला तो नाइलाजाने स्वीकारावा लागतो. कमी पैशांत काम करणे हा एरवी साधेपणाचा गुण मानला जातो. येथे मात्र तो न दिसणाऱ्या सहकाऱ्याच्या ताटातला घास काढून घेतो. म्हणून ज्याला नकार देणे परवडते, त्याने अपुऱ्या दराला नकार देणे हे त्याचे कर्तव्यच मानले पाहिजे.

नकाराची दुसरी बाजू कामाच्या स्वरूपाशी निगडित आहे. न वापरलेल्या वस्तूचे खोटे अभिप्राय लिहिणे, दुसऱ्याच्या नावावर जाणारा प्रबंध लिहून देणे, अशी कामेही घरपोच मिळतात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक ठरवले आणि वाङ्मयचौर्याविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. पण घरातल्या कोपऱ्यात बसून लिहून देणाऱ्यापर्यंत ही नियमावली सहसा पोहोचत नाही. तेथे अडवणारी असते ती केवळ सदसद्विवेकबुद्धी, आणि थकलेला हप्ता तिच्यावरही दडपण आणतो.

कुटुंबाची जबाबदारीही लहान नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर ते करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. अशा घरात संगणकासमोर बसलेली सून ‘घरीच तर आहे’ असे गृहीत धरले गेले, तर तिची लवचिकता म्हणजे रात्री अकरानंतरचे काम एवढाच अर्थ उरतो. ‘घरबसल्या कमवा’ म्हणत आधी नोंदणीशुल्क मागणाऱ्या जाहिरातींबद्दल मात्र विचार करत बसण्याचे कारण नाही. काम देणारा कधी पैसे मागत नसतो, आणि कोणी फसलेच तर १९३० या सायबर गुन्ह्यांसाठीच्या मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

परदेशी मंचांना दोष देणे सोपे आहे, पण काम देणारे आपल्याकडेही आहेत. मराठी प्रकाशक, नियतकालिके, शिक्षणसंस्था आणि जाहिरात संस्था घरून काम करणाऱ्या भाषांतरकारांकडून, मुद्रितशोधकांकडून आणि चित्रकारांकडून काम घेतात. त्यांतील जे ‘नमुना’ म्हणून अख्खे प्रकरण फुकट करून घेतात आणि पुस्तक बाजारात आल्यावरही मानधनाचा विषय टाळतात, त्यांना संस्कृतिसेवेची सबब पुढे करता येणार नाही. दर आणि पैसे देण्याची तारीख काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवणे, ही त्यांच्याकडून किमान अपेक्षा आहे. करणाऱ्यांनीही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती ऑनलाइन आणि विनामूल्य होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. त्यानंतरच्या विलंबावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.