बीमटाइमचा हिशेब

संशोधन प्रकल्पाच्या अर्जात समाजाला होणाऱ्या उपयोगाचा एक रकाना असतो. तिथे आम्ही मंडळी अणुऊर्जा लिहितो, कर्करोगावरचे उपचार लिहितो. खोटं त्यात काही नसतं. पण मी पैसे मागतो ते वेगळ्याच कामासाठी. दोन अणुकेंद्रकं विद्युत प्रतिकर्षणाचा अडसर जेमतेम ओलांडून जवळ आली, तर एकजीव होतात की फुटतात, हे मला मोजायचं असतं. त्यानं उद्या कुणा रुग्णाला उतार पडणार नाही. मग लोकांचा पैसा मी कोणत्या तोंडानं मागतो?

या मोजमापाला केंद्रकांना वेग देणारा त्वरक लागतो, आणि तो एकट्या विद्यापीठाच्या ऐपतीतला नाही. म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८४ मध्ये दिल्लीत सर्व विद्यापीठांसाठी सामायिक त्वरक केंद्र काढलं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जोडीनं उभारलेला पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. गॅमा किरण टिपणारा जर्मेनियम डिटेक्टरांचा राष्ट्रीय संच तर मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथं आळीपाळीनं मांडला जातो. एवढं सगळं वाटून वापरायचं, म्हणजे मला मिळालेली बीमटाइमची, त्वरकाचा झोत वापरण्याच्या वेळेची, प्रत्येक शिफ्ट दुसऱ्या कुणाला तरी नाकारलेली असते.

तेव्हा स्वतःला विचारायला हवं : हा प्रयोग प्रश्नासाठी आहे की पेपरची संख्या वाढवण्यासाठी? माझ्या विद्यार्थ्यानं डिटेक्टर स्वतः जुळवला, की त्याला नुसतं रात्रपाळीला बसवलं? अपेक्षेविरुद्ध आलेला डेटा छापला, की हार्ड डिस्कवर झोपवला?

या पैशाचा नवा स्रोतही आला आहे : २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची योजना पाच वर्षांत ५०,००० कोटींची आहे. त्यातला मोठा वाटा उद्योगांकडून आणि इतर बिगरसरकारी स्रोतांकडून अपेक्षित आहे. माझ्या विषयाला उद्योगपती पैसे देईल असं मला वाटत नाही. हा विषय सरकारी तिजोरीवरच जगेल, आणि म्हणूनच हिशेब अधिक चोख हवा.

त्या हिशेबात जमेला खरोखर काय आहे? किरणोत्सार मोजता येणारी, सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक ओळखणारी माणसं. अणुभट्टीला ती लागतात, रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागालाही लागतात. शिवाय निसर्गाबद्दलचं थोडं नवं ज्ञान, जे सर्वांचं असतं. अर्जाच्या त्या रकान्यात एवढंच लिहायला हवं. खरं कारण सांगायची लाज वाटत असेल, तर लोकांपुढे हात पसरण्याचा मला हक्क नाही.