मुद्रेचे सत्य

सत्य बोलावे, ही आज्ञा सर्व धर्मांनी मनुष्याच्या जिव्हेला केली आहे. परंतु त्याचा चेहरा, त्याचे हात, त्याची बसण्या-उठण्याची ढब यांनाही तीच आज्ञा लागू होते किंवा नाही, हा प्रश्न आपल्या नीतिविचारात जितका पुढे यावयास हवा होता तितका आलेला नाही. कुवेतमध्ये नोकरीच्या निमित्ताने वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाला मात्र तो टाळता येत नाही. येथील लोकसंख्येचा सुमारे दोन-तृतीयांश भाग बाहेरदेशांतून आलेला. मालक अरबी बोलणारा, हिशेबनीस मल्याळी, माल उतरवून घेणारा हमाल बंगाली, आणि या सर्वांच्या मध्ये मोडक्या अरबी-हिंदीचे थोडेसे सामाईक शब्द. अशा ठिकाणी दिवसाचा बराचसा व्यवहार भुवया, मान आणि हात यांवरच चालतो, आणि ज्याला समोरच्याची भाषा येत नाही तो त्याचा चेहरा विलक्षण बारकाईने वाचू लागतो.

कुवेती माणसाच्या घराला लागून असलेली दिवाणिया, म्हणजे पुरुषमंडळींची संध्याकाळची बैठक, या दृष्टीने पाहण्यासारखी असते. नवा पाहुणा दारात आला की बसलेले सर्व उठतात. तो उजव्या बाजूपासून एकेकाशी हस्तांदोलन करीत जातो, वृद्धाच्या मस्तकाचे चुंबन घेतो, आणि मगच आपली जागा धरतो. घरातला एखादा मुलगा डाव्या हातात लांब चोचीची दल्लाह व उजव्या हातात बिनकानाचे इवलेसे पेले घेऊन उभा असतो. पेल्यात तळाशी जेमतेम दोन-तीन घोट वेलदोड्याची कडसर कॉफी ओतली जाते. पेला रिता होताच तो पुन्हा ओततो, आणि पाहुण्याने रिकामा पेला बोटांत धरून उजवी-डावीकडे किंचित हलविला की, पुरे झाले, हे जाणून तो परत घेतो. या सबंध देवघेवीत कोणी अवाक्षर उच्चारीत नाही. बसताना तळपाय कोणाच्या दिशेने येऊ नये, परस्त्रीने स्वतः हात पुढे केल्याखेरीज आपण करू नये, छातीवर तळहात ठेवून मान लवविली तरी तेवढ्याने अभिवादन पुरे होते, हाही तेथला दस्तूरच. या शेवटच्या रिवाजात आणि आपल्या नमस्कारात मला सख्खे नाते दिसते. दोहोंत स्पर्श टाळून आदर पोहोचविलेला असतो.

शब्दांवाचूनही अर्थ पोहोचतो, हे आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखले होते. डोळ्यांच्या मिचकावण्याने व हातांच्या हालचालींनी शब्दप्रयोग न करताही पुष्कळ अर्थ कळतात, अशा आशयाचे विधान पतंजलीने महाभाष्यात केले आहे. आणि चेष्टा, म्हणजे अर्थ सुचविणारी शरीराची हालचाल, हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानावे की अनुमानात अथवा शब्दात तिचा अंतर्भाव करावा, याचा खल दर्शनकारांनी केला. परंतु त्यांच्या चर्चेचा रोख ज्ञान कसे होते याकडे होता. चेष्टेने असत्य सांगितले तर त्याचा दोष कोणता, हा प्रश्न निराळा, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

तेलापूर्वीचे कुवेत मोत्यांवर जगत असे. उन्हाळ्यात आखाताच्या तळाशी बुड्या मारून काढलेले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि त्यांचे सौदे रुमालाखाली होत: घेणारा व विकणारा एकमेकांचा हात धरीत, वर कापड टाकीत, आणि बोटे व पेरी दाबून आकडा कळवीत. भोवतीच्या दलालांना सुगावा लागू नये म्हणून दोघांचेही चेहरे निर्विकार. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारांतही हाच शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिवाय १९६१ पर्यंत कुवेतात चलन रुपयाचेच असल्याने, बोटांनी मोजावयाचे नाणेही दोन्ही किनाऱ्यांवर एकच होते. १९३०च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी व जागतिक मंदीने तो व्यापार बुडविला, १९३८ साली बुरगानला तेल लागले, आणि रुमालाखालची ती भाषा कुवेतपुरती तरी इतिहासजमा झाली. या रिवाजात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हाताने सांगितलेला भाव हा करारच होता, तो फिरविणे म्हणजे बेइमानी. चेहऱ्याला मात्र मुखवटा होण्याची पूर्ण मुभा होती. हात सत्याला बांधलेला आणि चेहरा मोकळा, ही वाटणी व्यापाऱ्याच्या सोयीची खरी, पण धर्माला ती मान्य आहे काय?

या प्रश्नावर मला ज्ञात असलेले सर्वांत कठोर उत्तर ज्या देशात मी राहतो त्या देशाच्या धर्मग्रंथात आहे. कुराणाच्या ऐंशीव्या अध्यायाचा आरंभच कपाळाला आठी घालून तोंड फिरविण्याच्या उल्लेखाने होतो. बहुसंख्य भाष्यकार सांगतात तो प्रसंग असा: प्रेषित मुहंमद मक्केच्या प्रतिष्ठित सरदारांना धर्म समजावून देण्यात गुंतलेले असता अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम नावाचा एक अंध मनुष्य मध्येच येऊन शिकवण मागू लागला, प्रेषितांच्या मुद्रेवर नाराजी उमटली, आणि तेवढ्याबद्दल ईश्वराकडून त्यांना ठपका आला. शब्द एकही कठोर निघाला नव्हता. ज्याच्यावर आठी उमटली त्याला ती दिसणेही शक्य नव्हते. तरीही ती दोषास्पद ठरली, आणि आपल्या प्रेषितावरचा हा ठपका मुस्लिम समाजाने ग्रंथातून लपविला नाही, तो आजतागायत पठणात आहे, याबद्दल माझ्या मनात गाढ आदर आहे. तोच अब्दुल्ला पुढे मदिनेत अजान देणाऱ्यांपैकी एक झाला.

येथे कोणी म्हणेल की, आठी ही ठरवून घातलेली नसते. जे इच्छेवाचून घडले त्याचा जाब कसा विचारावा? आक्षेप बिनतोड वाटतो खरा. नाट्यशास्त्राने घाम, रोमांच, कंप, अश्रू आदी आठ सात्त्विक भाव इतर अभिनयापासून वेगळे काढले ते याचसाठी की, ते अवयवांच्या हुकमी हालचालीने साधत नाहीत. मन एकाग्र होऊन त्या भावात शिरावे तेव्हाच ते प्रकटतात. पण याच निरीक्षणात आक्षेपाचे उत्तरही आहे. जे शरीराला हुकमाने करता येत नाही त्याची जबाबदारी नाहीशी होत नाही, ती मनाकडे जाते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्य भाषण वाणीच्या तपात आहे. मौन मात्र वाणीच्या नव्हे, मनाच्या तपात, सौम्यता व भावशुद्धी यांच्या पंक्तीला बसविलेले आहे. त्या क्षणाच्या आठीचा दोष त्या क्षणाचा नसेल. ज्या मनाने वर्षानुवर्षे अमुक माणसे मोलाची व तमुक बिनमोलाची असा हिशेब मांडला, त्या मनाचा तो दोष आहे.

मग मन अजून निवळलेले नसताना केलेले स्मित खोटे म्हणावे काय? आपल्या बांधवाकडे पाहून केलेले स्मित हे दान आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे. आणि दात्याच्या मनात कुरबुर असली म्हणून घेणाऱ्याच्या पदरात पडलेले दान नाहीसे होत नाही. फसवून लाभ उठविण्याकरिता धारण केलेला चेहरा हे असत्यच. परंतु समोरच्याचे देणे चुकते करण्याकरिता मनाच्या आधी शरीराने उचललेले पाऊल असत्य नव्हे. दल्लाह घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाच्या मनात प्रत्येक पाहुण्याविषयी आदर असतोच असे नाही. दिवेलागणीला परवचा म्हणून वडीलधाऱ्यांच्या पाया पडणाऱ्या आपल्या घरच्या मुलाचेही तेच. त्यांना कोणी ढोंगी म्हणत नाही, कारण जो भाव मनात अद्याप यावयाचा आहे त्याला त्यांचे शरीर जागा करून देत असते. प्रौढांनाही ही सवलत असावी असे मला वाटते, मात्र समोर साहेब उभा आहे की हमाल, यावरून ते स्मित उमटू किंवा मावळू नये. कारण त्या अंध याचकाच्या प्रसंगी ठपका आला तो नेमका या भेदावर, सरदारांकडे वळलेल्या आणि त्याच्याकडून फिरलेल्या मुखावर.